वाहिलेल्या गोळ्या

साक्षगंध शुक्रवारी होतं, आणि बुधवारच्या बाजारात शशिकलाला मेथीच्या जुडीभोवती आपल्या सासूचा फोटो सापडला.

भाजीवालीनं जुडी हातात दिली, कागद सुटला आणि मनकर्णाबाई डोक्यावर पदर घेऊन सुनेकडे बघायला लागल्या. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘मी मनकर्णा. मले कंपवात आहे. सोमवारी चामोर्शीच्या सभागृहात मी येऊन राह्यली. हात कापते म्हणून घरात लपून बसलेल्या सगळ्या बायांनो, तुमीबी या.’

आता मुलीच्या आईनं काय करावं, सांगा. पोटच्या दिव्यानीचं साक्षगंध, साखरपुडा, दोन दिवसांवर, सावली गावाहून मुलाचे वडील गुणवंतराव चाळीस माणसं घेऊन येणार, आणि आजीची बिमारी मेथीला गुंडाळून बाजारभर फिरतेय. शशिकलानं त्या बाईच्या टोपलीतली सगळी मेथी विकत घेतली. घरी येऊन कागद चुलीत घातले आणि नणंदेला, नीलिमाला, फोन लावला. पत्रक तिनंच छापलं होतं. त्या फोनवर कोणाचं माहेर सुटलं नाही, कोणाचं सासर सुटलं नाही. शुक्रवारी सकाळी नीलिमा भाचीच्या साक्षगंधाला आली तेव्हा नणंद-भावजयींनी एकमेकींना पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढं जे झालं ते या अबोल्यामुळं झालं, असं शशिकलाचे म्हातारे सासरे मुखरूजी अजून म्हणतात.

शशिकलाच्या नवऱ्यानं, प्रफुलनं, बहिणीला मांडवाबाहेरच गाठलं.

“नीलू, आयक. मायले आज मागच्या खोलीतच राहू दे.”

“काऊन?”

“काऊन म्हणून काय विचारतं? गुणवंतराव पाहतीन. घराण्यातच आहे म्हणतीन. उद्या नवरीचेबी हात कापतीन म्हणतीन.”

“असं आजीचं नातीले लागत नाई, भाऊ. दहा डाव सांगतलं तुले.”

“मले सांगतलं. त्याइले कोण सांगन?”

“मी सांगीन ना. मायले कोंडून ठेवलं त मांडवात उभी राहून सांगीन, काऊन कोंडलं ते. घरातली थोरली सवाष्ण आहे ते. पहिलं कुंकू तिचं.”

ती सांगेल, याबद्दल प्रफुलला शंका नव्हती. नीलिमा चामोर्शीत आशाताई म्हणून काम करते, आणि तिचं तोंड तालुक्याला माहीत आहे.

मनकर्णाबाईंचा हात पहिल्यांदा कापला त्याला तेरा वर्षं झाली. पहिली पाच वर्षं घरानं त्यांना पालक खाऊ घातला. त्याच सुमारास गावातल्या देवाजीचा हात कापायला लागला, तर तो महिनाभरात नागपूरला. बाप्याचा हात कापला की डॉक्टर, बाईचा कापला की ‘रक्त कमी असन’. हे नीलिमाच्या डोक्यात तेव्हापासून बसलं ते बसलंच. आईला गोळ्या सुरू झाल्या त्या तिनं भांडून सुरू करवल्या. मग गावोगाव फिरताना ती बायांकडे बघायला लागली. कुंकू कोणाचं वाकडं लागलंय, चालताना कोणाचा एक हात हलत नाही, कोणाच्या दारातली रांगोळी वर्षागणिक लहान होत चालली. लिहिणाऱ्याचं या रोगात अक्षर बारीक होतं म्हणे. आमच्याकडच्या बायांची रांगोळी बारीक होते. अशा अकरा जणी तिनं दोन वर्षांत हुडकल्या, त्यांना गोळ्या मिळवून दिल्या, आणि ‘कंपवात’ हा शब्द तोंडानं म्हणायला शिकवलं. यादीत पहिलं नाव आईचं, दुसरं घोट गावच्या रुखमाचं.

नागपूरचे एक डॉक्टर तयार झाले होते. सोमवारी दहा बाया समोर दिसल्या तर दर महिन्याला चामोर्शीला येईन, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि बायांचं म्हणणं रुखमानं सांगून टाकलं होतं: “तुही माय सगळ्याइसमोर उभी राह्यली, त आमी राहू. नाई त नाई.” म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं ते मनकर्णाबाईंवर.

“बरं,” प्रफुल शेवटी म्हणाला. “माय बाहेर येईन. कुंकू लावन अन् आत जाईन. पण तू आज तोंड नाई उघडाचं.”

“अन् सोमवारी?”

“सोमवारी मी सोता तिले गाडीवर बसवून चामोर्शीले आणतो. दिव्यानीची आन.”

नीलिमा विरघळली. इतक्या वर्षांत भावानं पहिल्यांदा तिची बाजू घेतली होती, आणि तीही लेकीची शपथ घालून.

अकरा वाजता तिनं मागच्या खोलीत जाऊन आईला गोळी दिली. कुंकू बाराला, गोळी चढायला पाऊण तास. हिशेब बरोबर होता. “बा, आता तीन वाजेपर्यंत काईच द्याचं नाई,” तिनं मुखरूजींना बजावलं.

“हाव व. आठ वर्षं मीच देऊन राह्यलो ना?” मुखरूजी म्हणाले. तेवढ्यात बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले आणि ते टोपी सावरत पाहुण्यांकडे धावले.

*

सव्वाअकराला शशिकला सासूला लुगडं नेसवायला आत आली.

शशिकलाला कोणी वाईट सून म्हणू नये. सासूला न्हाऊ घालणं, पोलक्याचे हुक लावणं, कपाळाला टिकली चिकटवणं, सगळं आठ वर्षं तिनंच केलं. कधी चिडून केलं, पण केलं. आज मनकर्णाबाईंच्या मांडीवर पितळेचा करंडा होता आणि हाताच्या कापण्यानं त्याचं झाकण खडखड वाजत होतं. बाहेरच्या सपरीतून गुणवंतरावांचा खणखणीत आवाज येत होता. मधे नुसती एक भिंत.

सकाळपासून गोळीच दिली नाही वाटतं कोणी, तिच्या मनात आलं. नीलिमा दहा पावलांवर पाहुण्यांना पाणी देत होती. विचारायला हवं होतं. पण बुधवारी ‘तुह्या मायनं तुले हेच शिकवलं का’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडाला कोण लागणार?

“आत्याबाई, घेतली का व गोळी?”

मनकर्णाबाईंनी सुनेकडे बघितलं. मग करंड्याकडे बघितलं. आणि तोंड उघडलं.

शशिकलानं जिभेवर दोन गोळ्या ठेवल्या. एक रोजची, एक दिव्यानीसाठी.

*

मनकर्णाबाईंना सगळं ठाऊक होतं. नीलू एक देऊन गेली, ही दुसरी, ही तिसरी. त्या बोलल्या नाहीत.

दहा वर्षं झाली, आपल्या हातानं आपल्या कपाळाला कुंकू नाही. तुळशीला नाही, कोणाच्या लेकीसुनेला नाही. हळदीकुंकवाला बाया बोलावतच नव्हत्या, आणि बोलावलं तरी ताट लांबून फिरवायच्या, हिच्या हातनं सांडेल म्हणून. शेजारच्या लग्नात त्यांना एकदा चपलांजवळ बसवलं होतं. ते त्या विसरल्या नव्हत्या. आज एकदा, या पोट्टीच्या कपाळावर, एक गोल काढायचा. मग काय व्हायचं ते होवो.

दिव्यानी पाटावर बसली होती. समोर चाळीस माणसं. कोणीतरी म्हणालं, “आजीले आणा व, पहिलं कुंकू आजीचं.” शशिकलानं एका बाजूनं धरलं, मुखरूजींनी दुसऱ्या. मनकर्णाबाई पाटासमोर बसल्या, आणि त्यांनी दोघांचेही हात झटकून टाकले.

बोट करंड्यात गेलं. भरलं. वर निघालं. पूर्वी रोवणीत रोप धरून चिखलात जायचा तसा हात सरळ गेला, आणि नातीच्या दोन भुवयांमध्ये टेकला, आणि फिरला. गोल. एवढासा, पण गोल.

दिव्यानीनं डोळे वर केले. ते पत्रक तिनंच आत्याला मोबाइलवर टाइप करून दिलं होतं, चोरून. “आजी,” ती पुटपुटली, “सरळ लागलं व.”

मनकर्णाबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. काय सांगावं, सुख म्हणतात ते हेच असेल.

आणि मान डावीकडे गेली. त्यांनी ती नेली नव्हती. मग उजवीकडे गेली, मग खांदा उचलला गेला, मग कंबर घुमायला लागली. अंबाडा सुटून केस पाठीवर आले. त्या थांबायला बघत होत्या आणि अंग थांबत नव्हतं. असं पूर्वी एकदा झालं होतं, गोळी चुकून दोनदा घेतली तेव्हा. तेव्हा घरात कोणी नव्हतं.

  आता फोटो, पत्रक, बिमारी, सगळं उघडं पडणार आणि पोट्टी पाटावरून उठणार, शशिकलाला दिसायला लागलं.

तेव्हा गुणवंतरावांची थोरली बहीण उभी राहिली. पांढऱ्या केसांची, जाडजूड, शब्द खाली पडू न देणारी बाई. तिनं ताटातलं हळदकुंकू मूठभर उचललं, मनकर्णाबाईंच्या कपाळावर फासलं आणि धाडकन त्यांच्यापुढं आडवी झाली.

“माय आली व! नवरीले आशीर्वाद द्याले माय आली!”

“माय नाई जी!” नीलिमा घागर टाकून धावली. “गोळी जास्त झाली. माह्या मायले कंपवात आहे. तिले पाठीशी धरा, पडन ते…”

प्रफुलनं तिचा दंड धरला. “चूप.”

“भाऊ, तुले दिसून राह्यलं ना?”

“चूप म्हणतो ना!”

गुणवंतराव शशिकलाकडे वळले. “काय म्हणते ते बाई? कायची गोळी?”

सगळे शशिकलाकडे बघत होते. तिनं एकदा लेकीच्या कपाळावरचं ओलं कुंकू बघितलं. मग पुढं झाली, सासूच्या पायाशी बसली आणि डोकं टेकवलं. “काई नाई जी,” ती म्हणाली. “आमच्या आत्याबाईच्या अंगात येते असं. कधीमधी.”

मग काय विचारता! एकामागून एक सगळे उठले. ज्यांनी ताट लांबून फिरवलं होतं त्या शेजारणीही उठल्या. घुमणाऱ्या मानेनं मनकर्णाबाईंना तुकड्यातुकड्यानं दिसत होतं: वाकलेली डोकी, जोडलेले हात, कोपऱ्यात प्रफुलच्या हातात अडकलेली नीलू, तिचा रडवेला चेहरा.

“माय,” गुणवंतरावांची बहीण म्हणाली, “हे सोयरिक मंजूर आहे का तुले?”

आत्ता बोलता आलं असतं. नीलू खरं बोलते, मले बिमारी आहे, असं म्हणता आलं असतं. तीन गोळ्यांनी आवाजही आज मोकळा झाला होता.

“करा,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

*

पाहुणे जेवून चारला गेले. घरामागच्या सांदवाडीत, खरकट्या भांड्यांच्या मधोमध, घरचे तेवढे उरले. मनकर्णाबाईंचं अंग आता शांत झालं होतं. त्या खाटेवर पडून होत्या.

“किती देल्या?” नीलिमानं विचारलं. बुधवारनंतरचं दोघींमधलं हे पहिलं वाक्य.

“दोन. मले का ठाऊक, तुमी देऊन बसल्या म्हणून?”

“विचारता आलं नाई?”

“तुमाले सांगता आलं नाई?”



“झालं ते बरं झालं,” प्रफुल म्हणाला. “गुणवंतराव जातानी मायच्या पाया पडून गेले. रविवारी त्याइच्या घरच्या बाया मायची ओटी भराले येऊन राह्यल्या. अन् त्याइची बहीण सांगून गेली, मायचं ठाणं आहे त्या अंगात औषध नोको.”

“एकदम बंद कराची?” नीलिमा उठून उभीच राहिली. “भाऊ, लाकूड होईन तिचं! घास गिळता येणार नाई. जीव जाईन.”

“दोन-चार दिवसानं काई होत नाई.”

“अन् सोमवार? तुनं पोट्टीची आन घेतली होती.”

“आता कोणत्या तोंडानं नेऊ तिले? शुक्रवारी देवी अन् सोमवारी बिमारी? लोक जोड्यानं मारतीन मले.”

“दिव्यानी, तू सांग व बापाले. पत्रकातलं ‘लपून बसलेल्या बायांनो’ तूच लिहिलं ना?”

दिव्यानी नव्या साडीत भिंतीला टेकून उभी होती. बोटातली अंगठी फिरवत ती म्हणाली, “आत्या, राहू दे ना आता. मले सोडतीन ते.” आणि ती आत निघून गेली. प्रफुल एक, शशिकला दोन, ही तिसरी. नीलिमा खाटेपाशी जाऊन बसली.

“माय, देवी होती का तुह्या अंगात?”

“नाई.”

“मंग सांग ना याइले!”

मनकर्णाबाईंनी बोटाला लागलेलं कुंकू बघितलं. मग म्हणाल्या, “माह्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, नीलू. तू पुस्तकातलं सांगे, लाजाची गोष्ट नाई म्हणे. मी आयकलं. पण लोकाइनं कुठी आयकलं व? आज माह्या पाया पडले. मले राहू दे चार दिवस.”

“अन् माह्या त्या दहा बाया? त्या तुह्या भरोशावर आहेत ना व माय.”

मनकर्णाबाईंनी भिंतीकडे कूस वळवली. त्यांना कूस वळवायला फार वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ नीलिमा वाट बघत बसली, की माय मधेच थांबेल.

प्रफुलनं फडताळातला गोळ्यांचा डबा उचलून आपल्या कपाटात ठेवला. नीलिमा रडत रस्त्याला लागली तेव्हा मुखरूजी काठी टेकत मागून आले.

“मी देईन गुपचूप,” ते म्हणाले. “प्रफुलच्या कपाटाची दुसरी चाबी आहे माह्यापाशी. तू भावाच्या घरात आग नोको लावू.”

“दिवसातून चारदा, बा. टाइमावर.”

“हाव.”

आठ वर्षं त्यांनी एक गोळी चुकवली नव्हती. नीलिमानं विश्वास ठेवला. शनिवारी, रविवारी तिनं फोन केले. दोन्ही दिवस मुखरूजी म्हणाले, “देऊन राह्यलो.”

*

सोमवारी साडेदहाला नागपूरचे डॉक्टर आले. नीलिमानं चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, अकरा पुढच्या रांगेत. प्रत्येक खुर्चीवर नाव चिकटवलं होतं. अकरा वाजले, बारा वाजले. रुखमाचा फोन वाजत राहिला, उचलला कोणी नाही. बाकीच्यांचे लागलेच नाहीत.

डॉक्टर भला माणूस होता. एक वाजेपर्यंत बसला. मग म्हणाला, “ताई, तुमची मेहनत मला दिसते. पण रिकाम्या खुर्च्यांसाठी मला दर महिन्याला येता येणार नाही.”

“पुढच्या महिन्यात एक डाव, जी. एकच डाव.”

“बाया मिळाल्या की फोन करा,” तो म्हणाला, आणि गेला. नीलिमानं खुर्च्यांवरची नावं एक एक करून काढली. आईचं नाव काढताना कागद फाटला. मग तिनं गावाची गाडी धरली.

घरापुढचा मांडव शुक्रवारपासून तसाच होता. त्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग. नीलिमा आत शिरली आणि जागीच थांबली.

तिच्या बाया आल्या होत्या. दहाच्या दहा. रुखमा आली होती. एक जण घराबाहेर पडायलाच तयार नव्हती, तीही आली होती. अहेरीकडच्या जंगलातली सोमारी, नवऱ्याला, वारलूला, घेऊन पहाटे निघून दोन गाड्या बदलून आली होती. चामोर्शीतूनच तर गाडी बदलली असेल तिनं. सगळ्या ओळीनं बसल्या होत्या. हात कापत होते, आणि आज कोणीच पदराखाली लपवलेले नव्हते.

समोर चौरंगावर मनकर्णाबाई. लाल लुगडं, गळ्यात हार, कपाळभर कुंकू. शुक्रवारी घुमणारं अंग आता खुंटासारखं ताठ होतं. चेहऱ्यावर काही नाही. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि शशिकला बाजूला बसून पुसत होती. तिचे डोळे रडून सुजले होते. गुणवंतरावांची बहीण उदबत्ती ओवाळत होती. प्रफुल दारात उभा होता, तोंड पांढरंफट.

नीलिमानं बापाकडे बघितलं. मुखरूजींनी मान खाली घातली.

“शनिवारी दोन देल्या,” ते हळूच म्हणाले. “मंग प्रफुलनं डबाच इथून हलवला. अन् घर रिकामंच नाई होऊन राह्यलं व. मी तुले कोणत्या तोंडानं सांगू?”

चौरंगापुढं नारळ होते, तांदूळ होते, ओटीचे खण होते. आणि त्यात गोळ्यांची पाकिटं होती. नीलिमानं ती ओळखली. प्रत्येकीच्या दारात तिनं स्वतःच्या हातानं नेऊन दिलेली पाकिटं.

“रुखमाबाई,” ती म्हणाली, “हे काय व?”

रुखमाचा चेहरा फुलला होता. दोन वर्षांत नीलिमानं तो असा बघितला नव्हता. “शुक्रवारचं गावोगाव झालं, तू काऊन नाई सांगतलं व आमाले? तुह्या मायच्या अंगात जे आहे तेच माह्या अंगात आहे ना? मंग मले बिमारी नाईच. चार वर्षं घरच्याइनं माहं ताट वेगळं ठेवलं, नीलिमाबाई. काल नवरा सोता म्हणे, चाल, मायच्या पाया पडून येऊ. म्हणून गोळ्या वाहून देल्या. आता काय कराच्या?”

नीलिमा चौरंगापाशी गेली. मनकर्णाबाईंचे डोळे तिच्याकडे वळले. एवढंच काय ते त्यांच्यात हलत होतं. मग ओठ हलल्यासारखे झाले. आवाज असा नव्हताच. नीलिमानं कान ओठांना लावला.

“नीलू… एक दे.”

तिनं खाली वाकून हाताला लागलं ते पाकीट उचललं. तेवढ्यात रुखमानं तिचं मनगट धरलं. रुखमाच्या हाताच्या कापण्यानं पाकीट खुळखुळायला लागलं.

“बाई, मायले वाहिलेलं उचलत नाई.”

गुणवंतरावांची बहीण उदबत्ती धरून वळली. शशिकलानं नीलिमाकडे बघितलं. आठ वर्षं त्या म्हातारीला न्हाऊ घालणारे तिचे हात नकळत जोडले गेले होते, नणंदेपुढं. दे, असंच ते म्हणत होते. आणि पोट्टीचं घर मोडू नको, असंही.

खरं ओरडून सांगायचं? ते शुक्रवारी सांगून झालं होतं.

“माय काय म्हणली व?” रुखमानं विचारलं. दहा तोंडं वर झाली. “तुह्या कानात काय म्हणली?”

नीलिमा उभी राहिली.  

“माय म्हणते, ज्याच्या त्याच्या गोळ्या उचला. मी पावली, आता माहा परसाद म्हणून घ्या. अगोदर जशा घेत होत्या, तशाच. त्याच टाइमाले, डाळभाताच्या अर्धा तास पहिले. एकीनंबी सोडाची नाई. अन् कोणीच जास्तीची घ्याची नाई.”

 गुणवंतरावांची बहीण क्षणभर नीलिमाच्या तोंडाकडे रोखून बघत राहिली. मग तिनं उदबत्ती कपाळाला लावली. “मायचा हुकूम आहे,” ती म्हणाली. “उचला.”

सोमारी आधी पुढं आली. मग बाकीच्या. कापऱ्या हातांनी प्रत्येकीनं आपापलं पाकीट शोधलं, कपाळाला लावलं, पदराच्या टोकाला बांधलं. नीलिमानं हातातल्या पाकिटातून एक गोळी काढली, आईच्या जिभेवर ठेवली आणि तांब्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून हारावर ओघळलं. गोळी गिळली जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

रुखमा अजून तिच्याजवळच उभी होती.

“म्हणजे हे औषध नाई न व?”

“परसाद आहे.”

“अन् मले बिमारी नाई न, नीलिमाबाई? तू शिकली-सवरली आहेस. तू सांगतलं की घरचे मानतीन. एक डाव सगळ्याइसमोर सांग ना.”

रुखमाचा नवरा मागून बघत होता. वारलू बघत होता. दहाही जणी पदराची गाठ धरून थांबल्या होत्या.

“नाई,” नीलिमा म्हणाली. “तुले बिमारी नाई.”

रुखमाला आनंदानं रडू फुटलं. ती खाली वाकली आणि तिनं नीलिमाच्या पायांवर डोकं ठेवलं.